दृष्ट लागते ती नेहमी दुसऱ्याचीच

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारा आणि जरा मान वर करून चाला. लेथवाला असो, फाउंड्रीवाला असो, नाहीतर नुसती वेल्डिंगची टपरी टाकून बसलेला असो, शटरवर लिंबू-मिरची लोंबत असतेच. दर शनिवारी एक माणूस येतो, जुनी काढतो, नवी बांधतो. त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले. नव्या टेम्पोच्या मागं जुनी चप्पल, अर्ध्या बांधलेल्या घराच्या सळईला काळी बाहुली, बाळाच्या गालाला काजळाची तीट. जीएसटी भरायला एखादवेळी उशीर होईल, लिंबू-मिरचीला होत नाही. म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून माणसाच्या पोटात काहीतरी होतं, हे या गावाला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या बंदोबस्तासाठी लोक रोख पैसे मोजतात.

आता त्याच माणसांना एकेकटं गाठून विचारा, तुम्हाला कुणाचा हेवा वाटतो का हो? 'छे, छे. आपल्याला काय करायचंय? ज्याचं त्याच्याजवळ.' सगळ्या गावाला नजर लागते आणि नजर लावणारा एकही सापडत नाही.

मी याच उद्यमनगरात छोटं मशीन शॉप चालवतो. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक म्हातारी मिलिंग मशीन. संध्याकाळी शटर ओढलं की हौशी नाटकाच्या तालमीला जातो. लोखंड आणि नाटक या दोन्ही धंद्यांत (नाटकाला धंदा म्हणणं धाडसाचं आहे, त्यात पैसे फक्त जातात) माणसं जवळून बघायला मिळाली. त्यातून माझं एक मत झालंय. आपल्याकडची मैत्री भांडणानं फारशी तुटत नाही. भांडण झालं तर आठ दिवसांनी चहाला बोलावता येतं. खरी वाट लागते ती पोटात ठेवलेल्या हेव्यानं, कारण तो पोटात राहत नाही. सल्ल्याचं, काळजीचं, चेष्टेचं नाहीतर तत्त्वाचं सोंग घेऊन तो बाहेर पडतो, आणि समोरच्याला सोंग तर दिसतं, पण आत कोण आहे ते कळत नाही.

मध्यंतरी माझ्या एका जुन्या मित्रानं व्हीएमसी घेतली. आम्ही दोघं डिप्लोमापासून बरोबर. सुरुवातही एकाच गल्लीत, दोघांच्याही सेकंडहँड लेथ. ही व्हीएमसी म्हणजे प्रोग्राम भरला की आपली आपण टूल बदलत जॉब करणारी मशीन, तीस लाखांच्या घरातली. पूजेला आम्ही सगळे गेलो. कंट्रोल पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेच्या दाराला झेंडूचा हार. नारळ कुठं फोडायचा यावर बरीच चर्चा झाली, कारण मशीनच्या टेबलावर फोडला तर पाणी नको तिथं जाणार. शेवटी तो बाहेर उंबऱ्यावर फोडला. पेढे फिरले आणि प्रश्न सुरू झाले.

'हप्ता किती बसतोय?'

'ऑपरेटर बघितलास का? मिळतात रे, पण टिकत न्हाईत.'

'ऑटोच्या लाइनला मंदी येणार म्हणतात औंदा.'

आणि एका बुजुर्गाचं, हातातला पेढा तसाच ठेवून, 'एवढी उडी मारायची म्हणजे... असो. चांगलं झालं.'

मशीनवर पहिला जॉब कुठला लावणार, टूल किती बसतात, स्पिंडल किती आरपीएमला पळतो, हे कुणी विचारलं नाही. एरवी दुसऱ्याच्या शॉपमध्ये गेल्यावर आम्ही आधी तेच विचारतो. सगळ्यांना अचानक मित्राच्या कर्जाची काळजी लागली होती.

मी काही बोललो नाही, पण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. पेढा घशाखाली उतरत नव्हता. जबडा आवळला होता. मी मशीनला वळसा घालून मागं गेलो आणि बघितलं, तर कूलंटची टाकी भिंतीच्या इतकी जवळ की उद्या गाळ काढायला ती बाहेर ओढायची म्हटली तर ओढताच येणार नाही. हे दिसलं आणि मला बरं वाटलं. छातीत मोकळं मोकळं झालं, पेढाही खाली गेला. तेवढ्यात माझं मला कळलं, की इथं काहीतरी वेगळंच आहे. मित्राच्या नव्या मशीनमागं अडचण निघाली आणि मला बरं वाटलं, तर हे काही माझं इंजिनिअरिंगचं ज्ञान नव्हे.

हे ओळखायची सवय मला नाटकानं लावली. कुठल्याशा शिबिरात आम्हाला भरताच्या नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय समजावून सांगितला होता. त्यात भावांची मोजदाद आहे. आठ स्थायी, तेहतीस संचारी, आठ सात्त्विक, सगळे मिळून ४९. त्या तेहतिसांत असूया आहे, आणि तिच्या पंगतीला कोण बसलंय बघा. श्रम, आळस, चिंता, लाज, झोप. येणारे आणि जाणारे भाव. झोप आली म्हणून कुणी स्वतःला पापी समजत नाही. असूयेलाही भरतानं तेवढंच पान वाढलंय. दुसऱ्याचं ऐश्वर्य, भाग्य, बुद्धी, विद्या बघून ती उपजते असं तो सांगतो. मग नटानं ती दाखवायची कशी? चारचौघांत समोरच्याचे दोष बोलून, गुण कमी करून सांगून, तिरकं बघून, मान खाली घालून, भुवया चढवून. भरतमुनींना उद्यमनगरातल्या पूजेचं आमंत्रण कुणी दिलं नव्हतं, तरी सगळा प्रसंग त्यांनी बसल्याजागी लिहून ठेवलाय.

नटाला हे शिकावंच लागतं. स्वतःच्या आत हेवा कसा उठतो हे माहीत नसेल तर तो स्टेजवर आणणार कुठून? तालमीत दिग्दर्शक विचारतो, 'आत्ता तुला काय वाटतंय?' नवखा पोरगा उत्तर देतो, 'मला वाटतंय की तो चुकीचं वागतोय.' दिग्दर्शक म्हणतो, 'हे तुझं मत झालं. वाटतंय काय?' पोरगा गप्प होतो. माझ्या ओळखीचे पन्नाशी ओलांडलेले कारखानदार, शिक्षक, बँकवाले याच प्रश्नाला याच तऱ्हेनं गप्प होतात. मत विचारा, तासभर देतील.

याला कारण आपली शिकवण. लहानपणी षड्रिपू पाठ केले, त्यांतला सहावा मत्सर. शत्रू म्हटल्यावर तो आपल्या घरात आहे असं कोण कबूल करेल? मनाचे श्लोक शाळेत स्पर्धेसाठी म्हटले. खरं तर समर्थ मनाला मत्सर सोड म्हणून सांगतात, म्हणजे तो मनात आहे हे त्यांनी आधीच धरलंय. आम्ही तेवढं गाळलं आणि सोडून दिल्याचं सर्टिफिकेट घेऊन मोकळे झालो. बरं, मत्सर वाईट म्हणून सांगणारी हीच घरं दहावीच्या निकालादिवशी काय करतात? आपल्या पोराचे मार्क बघायच्या आधी शेजारच्याचे विचारतात. वर्षभर 'तो बघ, तो कसा अभ्यास करतो' याचा रतीब घालायचा आणि पोरगं मित्रावर धुसफुसायला लागलं की म्हणायचं, असं मनात आणू नये बाळा. मनात आणलं कुणी?

आमच्या ग्रुपात मानसशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. भूमिका लहान करतात, पण चहाच्या वेळी ते आमचे नायक. त्यांनी एकदा अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ या दोघांनी तो १९८० मध्ये छापला. शब्द ओळखायचा खेळ, दुसऱ्याला सूचना द्यायच्या. कुणाला सोप्या द्यायच्या, कुणाला अवघड, हे आपल्या हातात. खेळणाऱ्यांत काही जण एकमेकांचे मित्र, काही अनोळखी. नुसता खेळ आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सोप्या सूचना दिल्या. पण या खेळातून तुमची महत्त्वाची कुवत कळते असं सांगितल्यावर गंमत झाली. मित्राला दिलेल्या सूचना अनोळखी माणसाला दिलेल्या सूचनांपेक्षा अवघड निघाल्या. परका पुढं गेला तर चालतं. मित्र पुढं गेला, तोही आपल्याच रस्त्यावर, की टोचतं.

हे ऐकलं तेव्हा मला सगळं उद्यमनगर डोळ्यासमोर दिसलं. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीनं दहा व्हीएमसी एकदम उभ्या केल्या, तर आम्ही कौतुकानं फोटो एकमेकांना पाठवतो. मित्राच्या बायकोला पीएचडी मिळाली, आम्ही मनापासून हार घेऊन जातो. पण आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच वयाच्या, आपल्यासारखंच कास्टिंग कातणाऱ्या मित्राची एक मशीन आली की पेढा अडकतो. म्हणून हेवा हा मैत्रीतला घुसखोर आहे असं मला वाटत नाही. जितका मित्र जवळचा आणि जितकं काम सारखं, तितका तो येणारच. ज्याचा मला कधीच हेवा वाटला नाही, त्या माणसाशी माझी बहुधा नुसती ओळख आहे.

मग करायचं काय? लोक म्हणतील, ओळखलंस ना, गप्प बस, चेहरा हसरा ठेव, जाईल आपोआप. कधी जातंही. पण हसरा चेहरा फुकट मिळत नाही, आणि त्याचा हिशेब एकट्यापुरता राहत नाही. सरांनीच सांगितलेली दुसरी गोष्ट. २००३ मध्ये एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या, त्यांना युद्धातल्या संहाराचा अस्वस्थ करणारा माहितीपट दाखवला आणि मग त्यावर आपसात बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला आधीच सूचना होती, की आत काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तर जिच्यासमोर हा कोरा चेहरा बसला होता, तिचाही रक्तदाब चढला. आणि अशा जोड्यांचं फारसं जमलंही नाही. आपण समजतो, मी माझं दाबून ठेवलं, त्याला काय त्रास? समोरच्याचं अंग ते ओळखतं, भले त्याला सांगता न येवो.

पूजेनंतर थोड्याच दिवसांत मी मित्राला रंकाळ्यावर गाठलं. आम्ही फिरतो आणि मग कठड्यावर बसतो, गप्पा बसल्यावरच सुरू होतात. मी म्हटलं, 'मर्दा, एक सांगू का? तुझी मशीन बघून मला त्रास झाला.'

तो म्हणाला, 'कसला?'

'हेवाच, दुसरं काय. मला वाटलं, याला जमलं आणि मी अजून मिलिंगला तेल घालत बसलोय.'

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसायलाच लागला. 'मग? तुला ती पंपाची एक्स्पोर्टची ऑर्डर मिळाली होती न्हवं, तेव्हा तुझा फोन मी मुद्दाम उचलत नव्हतो. बायकोला म्हटलेलं, तो आता मोठा माणूस झालाय.'

इतकी वर्षं झाली त्या ऑर्डरला. मला वाटलं होतं तो कामात आहे.

मग मी त्याला टाकीचं सांगितलं. भिंत आणि टाकी, मधलं अंतर, गाळ काढायची पंचाईत. त्यानं लगेच खिशातून पावतीचा कागद काढला, पाठीवर आकृती काढून दाखव म्हणाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हाच मुद्दा मी पूजेत सगळ्यांसमोर काढला असता तर तो शंभर टक्के खरा असूनही त्याच्या डोक्यात शिरला नसता. त्यात हेवा आणि सल्ला एकत्र कालवलेले असते आणि त्यानं सगळंच बाजूला सारलं असतं. हेव्याला त्याच्या नावानं एकदा बाहेर बसवलं की सल्ला स्वच्छ उरतो. पुढं त्यानं मशीन उचलून सरकवली. क्रेनचा खर्च आला म्हणून मला शिव्या घातल्या.

पण त्या संध्याकाळी त्याचं बोलणं तिथं थांबलं नाही. थोडा वेळ तो पाण्याकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, 'तुम्हाला सगळ्यांना वाटतंय मी हवेत हाय. रात्री तीनला जाग येते लेका. हप्ता, पगार, कास्टिंगवाल्याचं देणं, सगळं डोक्यात फिरतं. पण सांगू कुणाला? सगळ्यांनी पेढे खाल्लेत माझे.'

ही बाजू आपल्या लक्षातच येत नाही. ज्याचा आपण हेवा करतो तो एकटा पडतो. त्याला भीती वाटते हे तो बोलू शकत नाही, कारण बोललं तर पहिल्या दिवशीचे प्रश्न विचारणारे म्हणणार, बघ, आम्ही सांगत नव्हतो? त्याच्या कर्जाची एवढी काळजी करणारे आम्ही दहा जण होतो आणि खऱ्या काळजीसाठी त्याला एकही माणूस मिळत नव्हता. (झोप अशी उडणं लांबलंच तर मित्र पुरत नाही, डॉक्टर लागतो. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. मी त्याला नंबर लिहून दिला. त्यानं लावला की नाही हे विचारलेलं नाही. तो त्याचा मामला.)

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, 'एवढं काय त्यात? आम्ही भिशीत तोंडावर म्हणतो, मेले, मला हेवा वाटतोय तुझा.' खरंय. साडी असो, सून असो, गुडघे न दुखणं असो, बायका हे हसतहसत बोलून टाकतात. सगळाच हेवा असा सुटत असेल असं नाही. भिशीतलं राजकारण मी घरबसल्या ऐकतो. पण निदान वाक्य तयार आहे आणि ते म्हटलं म्हणून कुणाची इज्जत जात नाही. आम्हा पुरुषांचं त्या जागी एकच, 'तुझं काय बाबा, तुझं बरं आहे.' त्यात मान्य काहीच करायचं नसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर तेही नको. मित्रानं बातमी टाकली की अंगठा द्यायचा आणि फोन पालथा ठेवायचा.

पुरुषांना भावना दाखवता येत नाहीत असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं थिएटर. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. खासबाग मैदानाच्या बाजूनं ज्वाळा दिसत होत्या आणि रस्त्यावर माझ्यासारखे कितीतरी बापे उभे होते. पन्नास-साठीची माणसं, पैलवानी अंगाची, ढसाढसा रडत होती. एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून. कुणाला लाज वाटली नाही. म्हणजे येतं आम्हाला. राग तर रोज येतो, त्याला ट्रॅफिक सिग्नलही पुरतो. दुःख सगळ्यांचं मिळून असेल तर आम्ही रडतो, कारण त्यात कुणी कुणापेक्षा कमी ठरत नाही. अडतं ते अशा भावनेपाशी, जी कबूल केली की मी तुझ्यापेक्षा एक पायरी खाली उभा आहे असं दिसतं. हेवा, उपेक्षेचं दुःख, आपल्याला बोलावलं नाही म्हणून लागलेली टोचणी. ज्या नाट्यगृहासाठी आम्ही गळ्यात गळे घालून रडलो, त्याच नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसंही त्या गर्दीत होती. रडतानाही ती एकमेकांपासून लांब उभी होती, हे मी पाहिलंय.

त्यांतल्या एका जोडीची गोष्ट आमच्या ग्रुपातली. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी चालू होती. सगळ्यांनी धरलं होतं की मुख्य भूमिका अमक्याला जाणार, त्यानं मिशाही वाढवायला घेतल्या होत्या. दिग्दर्शकानं दुसऱ्याला घेतलं. स्पर्धेत त्या दुसऱ्याला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. पहिल्यानं पदकाच्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या पैशानं जेवण घातलं. इतका दिलदार माणूस. आणि पुढच्या महिन्यात ग्रुप सोडला. कारण काय दिलं? संस्थेच्या घटनेतलं कुठलंसं कलम पाळलं जात नाही, तात्त्विक मतभेद आहेत. बरोबर आणखी चार जण गेले, कारण घटना कुणीच वाचली नव्हती आणि तो एवढ्या ठामपणानं बोलत होता.

महाराष्ट्रात संस्था फुटायला आजवर तत्त्वांचा तुटवडा पडलेला नाही. वाचनालय, पतसंस्था, गणेश मंडळ, साहित्य संघ, तालीम, जिथं फूट पडली तिथं आधी कुणाला तरी काहीतरी लागलेलं असतं आणि नंतर त्याला कलम सापडतं. खरी तत्त्वंही असतात, नाही असं नाही. पण ज्याला आधी लागतं त्यालाच ते कलम दिसतं, बाकीच्यांना वर्षानुवर्षं दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. तो माणूस जर तालमीत सगळ्यांसमोर नको, पण पदक मिळालेल्या मित्राला बाजूला घेऊन म्हणाला असता, 'ती भूमिका माझी होती रे, मला आतून लागलंय,' तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. भूमिका परत मिळाली नसती. पण एक संस्था, पाच माणसं आणि एक तीस वर्षांची मैत्री कलमात गेली नसती.

आता माझ्या या मताचा एक गैरवापर होतो, तोही सांगतो. हल्ली 'मनात ठेवू नका, व्यक्त व्हा' याची लाट आहे. तिच्यावर स्वार होऊन काही लोक तोंड सोडतात. 'मी स्पष्टवक्ता आहे, मला जे वाटतं ते मी बोलतो.' त्यांचं नीट ऐका. ते स्वतःला काय वाटतं हे कधीच सांगत नाहीत, तू कसा आहेस हे सांगतात. 'तुला गर्व झालाय' हे वाक्य म्हणजे व्यक्त होणं नव्हे. 'मला तुझ्यासमोर लहान वाटलं' हे म्हणायला जीभ जड होते, आणि जड होते म्हणूनच ते खरं असतं. शिवाय प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायचीही गरज नाही. आनंदाच्या ऐन दिवशी मित्राच्या दारात जाऊन 'मला हेवा वाटतोय' म्हणणं हे त्याचा दिवस पळवणं झालं. त्या दिवशी पेढा खावा, मशीनला हात लावून बघावा, स्पिंडलचा आरपीएम विचारावा. आपलं आपल्याशी मात्र त्याच रात्री कबूल करावं, नाहीतर सकाळपर्यंत त्याचा सल्ला झालेला असतो.

आणि काही वेळा कबूल करूनही तो जात नाही. माझाही सगळा गेला असं मी म्हणणार नाही. मित्राच्या शॉपवरून जाताना ती मशीन चालू असेल तर तिचा आवाज मला अजून टोचतो. फक्त आता मला माहीत असतं की हे काय आहे, त्यामुळं मी मंदीबद्दल काही बोलत नाही.

यंदा पुन्हा स्पर्धेचं नाटक बसतंय. वाचनं झाली आणि दिग्दर्शकानं पात्रयोजना जाहीर केली. जी भूमिका मला हवी होती ती बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुण पोराला गेली. पोरगा चांगला आहे, आवाज उत्तम, मला काका म्हणतो. मला रौप्यपदकवाल्यांचा जुना इतिहास माहीत होता. तालीम संपल्यावर मी त्याला जिन्यात थांबवलं आणि म्हटलं, 'हे बघ, ही भूमिका मला करायची होती. सुरुवातीला माझं तोंड जरा वाकडं दिसेल. तुझं काही चुकलंय असं समजू नकोस, आणि मी काही सुचवायला आलो तर आधी विचार, काका, हे नाटकासाठी की तुमच्यासाठी?'

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, 'काका, मलाही तुमची भीतीच वाटत होती. पण एक करा ना, तुम्ही माझे संवाद पाठ करून ठेवा. ऐनवेळी मला ताप-बिप आला तर?'

मी म्हटलं, 'पाठच आहेत.'